काळजाचा तुकडा

मराठी भाषेतील ‘काळीज’ या शब्दाची मोठी गंमत आहे. भीतीने काळीज धडधडते, दुःखाने ते फाटते, दुसऱ्याचे हाल पाहून त्याचे पाणी पाणी होते. आणि हे सारे बोलत असता बोलणाऱ्याचा हात नकळत छातीच्या डाव्या बाजूस, म्हणजे हृदयाकडे जातो. परंतु खाटकाच्या दुकानी कोणी काळीज मागितले, तर त्याच्या पिशवीत हृदय पडत नाही. पडते ते गडद तांबूस रंगाचे यकृत. काळीज म्हणजे मूळचे यकृतच. भाषेने मायेचे आणि धैर्याचे ठिकाण म्हणून जे इंद्रिय निवडले ते हे.

आई आपल्या लेकराला ‘माझ्या काळजाचा तुकडा’ म्हणते, तेव्हा पूर्वी तो केवळ लाडाचा शब्द होता. आज तो काही घरांपुरता अक्षरशः खरा झाला आहे. यकृत निकामी झालेल्या बालकाला त्याच्या आईच्या किंवा वडिलांच्या यकृताचा भाग काढून बसविता येतो. देणाऱ्याचे उरलेले यकृत वाढून पुन्हा जवळजवळ पूर्वीच्या आकाराचे होते आणि घेणाऱ्याचा तुकडा त्याच्या शरीराबरोबर वाढत जातो. पण धडधाकट माणसाच्या पोटावर सुरी चालविण्यापूर्वी शस्त्रवैद्यांना एका प्रश्नाचे उत्तर हवे होते. किती भाग काढला असता माणूस सुखरूप राहील, आणि उरलेला भाग खरोखर वाढेल काय? हा प्रश्न प्रथम माणसावर सोडविणे कोणालाही मान्य झाले नसते. त्याच्या उत्तराचा मोठा भाग मिळाला तो प्रयोगशाळेतील उंदराच्या पोटात.

हे काम समजून घेण्यासाठी आधी यकृताची ओळख करून घेतली पाहिजे. प्रौढ माणसाचे यकृत सुमारे दीड किलो वजनाचे असून ते उजव्या बरगड्यांच्या आड असते. अन्नातून आलेली साखर साठवून ठेवणे आणि लागेल तशी ती रक्तात सोडणे, रक्त गोठविणारी प्रथिने तयार करणे, पित्त तयार करणे, रक्तातील अपायकारक द्रव्ये निर्विष करणे, अशी अनेक कामे ते एकाच वेळी करते. मूत्रपिंड बिघडले तर रक्त यंत्रातून गाळून रोग्याला वर्षानुवर्षे जगविता येते. यकृताची सर्व कामे करणारे यंत्र मात्र अद्याप तयार झालेले नाही.

यकृताला रक्त दोन वाटांनी मिळते. आतड्यांतून अन्नरस घेऊन येणारी प्रवेशिका नीला सुमारे तीन चतुर्थांश रक्त आणते. उरलेले चतुर्थांश रक्त यकृताची रोहिणी आणते. सारे रक्त यकृतातून झिरपून मागील बाजूच्या अधोमहानीलेत जाते आणि तेथून हृदयाकडे. तयार झालेले पित्त पित्तवाहिनीतून आतड्यात उतरते. घराला दोन नळांनी पाणी यावे, एका मोठ्या गटारीने जावे आणि स्वयंपाकघराची मोरी वेगळी असावी, तशीच ही व्यवस्था आहे. यांपैकी एक जरी वाट तुंबली, तरी साऱ्या घरास उपद्रव होतो. दीर्घकाळची दारू, काविळीचे काही विषाणू, यकृतात साठलेली चरबी यांमुळे यकृतात कठीण तंतूंचे जाळे पसरते. त्यास यकृतसूत्रण म्हणतात. मग रक्ताला वाट मिळेनाशी होते, पोटात पाणी साचते, अन्ननलिकेच्या शिरा फुगून फुटतात.

असा रोग काचपात्रातील पेशींवर पुरता अभ्यासता येत नाही. काचपात्रात रक्तप्रवाह नाही, दाब नाही, आतडे नाही. म्हणून संशोधकांना जिवंत शरीराकडे वळावे लागले, आणि आरंभी ते वळले कुत्र्याकडे. १८७७ साली रशियातील निकोलाय एक या शस्त्रवैद्याने कुत्र्याची प्रवेशिका नीला थेट अधोमहानीलेस जोडली. आतड्यांतून आलेले रक्त यकृतास वळसा घालून जाऊ लागले. त्याचे बहुतेक कुत्रे लवकरच दगावले. एक मात्र अडीच महिने जगला आणि एके दिवशी प्रयोगशाळेतून पळून गेला. त्या कुत्र्याबरोबर प्रयोगाचा निष्कर्षही निम्माशिम्मा पळाला, असे म्हणावयास हरकत नाही.

ते काम पुढे इव्हान पावलोव्ह आणि त्याचे सहकारी यांनी हाती घेतले. १८९३ साली त्यांनी दाखवून दिले की, असा जोड दिलेल्या कुत्र्याला मांस खाऊ घातले तर तो झोकांड्या खातो, चिडतो, त्याला झटके येतात आणि अखेरीस तो बेशुद्ध पडतो. प्रथिनांच्या पचनातून निघणारी अपायकारक द्रव्ये यकृताने निर्विष केली नाहीत तर ती मेंदूपर्यंत पोहोचतात, हे त्यावरून ध्यानात आले. यकृताच्या रोग्याला भ्रम का होतो याचा पहिला धागा येथे सापडला. १९२१ साली अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये फ्रँक मान याने कुत्र्याचे संपूर्ण यकृत काढले. काही तासांत कुत्रा गळून गेला, कारण त्याच्या रक्तातील साखर उतरली होती. शिरेतून ग्लुकोज देताच तो उठून बसला. साखरेचा जमाखर्च कोण सांभाळतो, हे त्या एका प्रयोगाने उघड झाले.

परंतु कुत्रा हा मोठा प्राणी. त्याचे संगोपन खर्चाचे, त्याची संख्या मर्यादित आणि एक कुत्रा रक्ताने दुसऱ्यासारखा नसतो. रोगाचा अभ्यास करावयाचा तर पुष्कळ सारखे प्राणी हवेत. म्हणजे आढळलेला फरक उपचाराचा आहे की प्राण्याच्या प्रकृतीचा, हे सांगता येते. उंदीर या कामी सोयीचा. पिढ्यान्‌पिढ्या सख्ख्या भावंडांचा संकर करून उंदरांचे असे वंश तयार केलेले आहेत की, एका वंशातील सर्व उंदीर जुळ्या भावंडांसारखे एकरूप असतात. प्रयोगशाळेतील उंदीर मुख्यतः दोन जातींचे. इंग्रजीत एकास रॅट आणि दुसऱ्यास माउस म्हणतात. पहिला अडीचशे-तीनशे ग्रॅमचा, दुसरा अवघा वीस-पंचवीस ग्रॅमचा. मराठीत दोघेही उंदीरच; येथे त्यांना मोठा उंदीर आणि छोटा उंदीर असे म्हटले आहे.

१९३१ साली हिगिन्स आणि अँडरसन या दोघा संशोधकांनी मोठ्या उंदरावर एक शस्त्रक्रिया वर्णन केली. ती आजही जवळजवळ तशीच केली जाते. उंदराचे यकृत माणसासारखे एकसंध नसते. ते सुट्या सुट्या पाळ्यांचे बनलेले असते. त्यांपैकी मधली आणि डावी या दोन पाळ्या मिळून सुमारे दोन तृतीयांश यकृत होते. भूल देऊन पोट उघडावयाचे, या दोन पाळ्या अलगद बाहेर घ्यावयाच्या, त्यांच्या देठाशी रेशमी दोऱ्याने गाठ मारावयाची आणि पाळ्या कापून काढावयाच्या. रक्ताचा सडा पडत नाही, कारण देठ आधीच आवळलेला असतो. उंदीर शुद्धीवर येतो आणि आठ-दहा दिवसांत त्याचे यकृत वजनाने बहुतेक पूर्ववत होते. कापलेल्या पाळ्या पुन्हा फुटत नाहीत. मागे राहिलेल्या पाळ्याच वाढून एकंदर भरपाई करतात. एखाद्या घरातील दोन कर्ते भाऊ गेले आणि उरलेल्या भावाने सर्वांचा भार उचलला, तसे हे घडते.

ही वाढ सुरू करा, असा हुकूम कोणाकडून सुटतो? यकृतातूनच, की रक्तातून? १९६७ साली अमेरिकेत मोल्टन आणि नॅन्सी बुकर यांनी दोन उंदरांच्या मानेतील रक्तवाहिन्या बारीक नळ्यांनी अशा जोडल्या की, एकाचे रक्त दुसऱ्यात फिरू लागले. मग एकाच उंदराचे यकृत कापले. ज्याच्या यकृताला हातही लावलेला नव्हता, त्या दुसऱ्या उंदराच्या यकृतातही वाढीची हालचाल सुरू झाली. म्हणजे निरोप रक्तातून जात होता. पुढे १९८४ साली जपानमध्ये नाकामुरा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यकृत कापलेल्या उंदरांच्या रक्तरसातून यकृतपेशी वाढविणारा एक घटक वेगळा काढला. किती यकृत काढता येते आणि ते कसे वाढते, या ज्ञानाचा पाया अशा रीतीने घातला गेला.

येथवरच्या शस्त्रक्रियेत गाठ मारणे आणि कापणे एवढेच होते. याच्या पुढची पायरी म्हणजे रक्तवाहिनीला रक्तवाहिनी जोडणे, आणि ती फार अवघड. मोठ्या उंदराची प्रवेशिका नीला जेमतेम दोन मिलिमीटर रुंद असते आणि तिची भिंत ओल्या कागदासारखी नाजूक. टाका किंचित सैल पडला तर रक्त गळते. घट्ट पडला तर वाट अरुंद होते. सुई चुकून समोरच्या भिंतीत शिरली तर वाट बंदच होते.

टाके घालण्याची युक्ती फ्रान्समधील अलेक्सी कारेल याने १९०२ साली प्रसिद्ध केली होती. कारेल ल्योंचा, ते गाव रेशमाचे आणि भरतकामाचे. त्याने तेथील एका भरतकाम करणाऱ्या बाईकडून बारीक सुईचे काम शिकून घेतले, असे त्याच्या चरित्रात नमूद आहे. त्याची युक्ती अशी: दोन्ही वाहिन्यांच्या गोल तोंडांना सारख्या अंतरावर तीन टाके घालून ते ताणले की गोलाचा त्रिकोण होतो. मग एकेक सरळ बाजू शिवीत जावयाची. त्रिकोणाची बाजू ताणलेली असल्याने सुई मागच्या भिंतीला लागत नाही. १९१२ सालचे नोबेल पारितोषिक त्याला मिळाले, त्यामागे ही शिवणकला होती.

डोळ्याची उणीव मात्र अद्याप भरून निघावयाची होती. १९२१ साली स्टॉकहोममध्ये कार्ल-ओलोफ नीलेन याने कानाच्या शस्त्रक्रियेत सूक्ष्मदर्शकाचा उपयोग केला. पुढे जवळजवळ चाळीस वर्षे ते साधन मुख्यतः कानाच्या आणि डोळ्याच्या वैद्यांपुरतेच राहिले. १९६० साली अमेरिकेतील व्हर्मांट येथे ज्युलियस जेकबसन आणि एर्नेस्टो स्वारेझ यांनी सूक्ष्मदर्शकाखाली दीड मिलिमीटरहूनही बारीक रक्तवाहिन्या जोडून दाखविल्या. हाताला जे साधत नाही असे वाटत होते, ते वस्तुतः डोळ्याला दिसत नव्हते, एवढाच त्याचा अर्थ निघाला. आकृती वीसपट मोठी दिसू लागताच त्याच हाताला वीसपट बारीक काम जमू लागले.

धागाही तसाच बारीक लागला. शस्त्रक्रियेच्या धाग्याला जितकी शून्ये अधिक, तितका तो बारीक. ‘दहा शून्यां’चा नायलॉनचा धागा मिलिमीटरच्या सुमारे चाळिसाव्या भागाइतका, म्हणजे माणसाच्या केसाच्या निम्म्याहूनही कमी जाड असतो. तो नुसत्या डोळ्यांना क्वचितच दिसतो आणि टेबलावर पडला तर सापडत नाही. या कामाला बसणारा मनुष्य कोपर आणि मनगट टेकवून बसतो. हालचाल करावयाची ती फक्त बोटांनी. घड्याळजी किंवा सोनार जसा श्वास रोखून काम करतो, तसेच हे. अशा शस्त्रक्रियेपूर्वी पुष्कळजण चहा-कॉफी टाळतात, कारण बोटाचा नुसता कंपही सूक्ष्मदर्शकाखाली भूकंपासारखा दिसतो.

ही कला उंदराच्या यकृताकडे नेण्याचे श्रेय मुख्यतः सन ली यांचे. मूळचे कोरियाचे हे शस्त्रवैद्य अमेरिकेत पिट्सबर्ग येथे काम करीत होते. १९६१ साली त्यांनी बर्नार्ड फिशर यांच्यासह मोठ्या उंदरात तोच जोड देऊन दाखविला, जो एक याने कुत्र्यात दिला होता. पुढे कॅलिफोर्नियात गेल्यावर, १९७३ साली त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याहून मोठी मजल मारली. एका उंदराचे यकृत काढून त्या जागी दुसऱ्या उंदराचे यकृत बसविण्याची पद्धत त्यांनी प्रसिद्ध केली. माणसातील यकृतरोपणाचा आरंभ थॉमस स्टार्झल यांनी १९६३ साली डेन्व्हर येथे केला होता आणि १९६७ पासून काही रोगी वर्षभर व अधिक जगू लागले होते; पण नवे यकृत शरीर का नाकारते, याचा अभ्यास माणसांच्या थोड्या संख्येवर होण्यासारखा नव्हता. त्यासाठी एकरूप वंशाचे उंदीर हवे होते आणि ते जगविणारा हात हवा होता.

लींची पद्धत उत्तम, परंतु फार थोड्यांना जमणारी होती. सर्व जोड टाक्यांनी घालीत बसले तर वेळ जातो, आणि या शस्त्रक्रियेत वेळ हाच मोठा शत्रू. जुने यकृत काढल्यापासून नव्यात रक्त सुरू होईपर्यंत प्रवेशिका नीला चिमट्याने बंद ठेवावी लागते. आतड्यांत रक्त तुंबत जाते. ही अवस्था वीस-पंचवीस मिनिटांपलीकडे लांबली तर उंदीर वाचणे कठीण.

यावर सोपा तोडगा काढला तो केंब्रिज येथे नाओशी कामादा आणि रॉय काल्न यांनी, १९७९ साली. दात्या उंदराचे यकृत थंड द्रवाने धुऊन बाहेर काढल्यावर त्याच्या प्रवेशिका नीलेचे टोक प्लॅस्टिकच्या काही मिलिमीटर लांबीच्या नळीतून ओढून घ्यावयाचे, आणि सदऱ्याची बाही जशी बाहेर उलटून दुमडतात, तसे ते नळीवर दुमडून दोऱ्याने बांधावयाचे. हे सारे यकृत थंड ताटलीत असताना, सावकाशीने करता येते. नंतर घेणाऱ्या उंदराचे जुने यकृत काढले की अधोमहानीलेचा वरचा जोड तेवढा टाक्यांनी शिवावयाचा. प्रवेशिका नीलेत ती दुमडलेली नळी नुसती सरकवून वरून गाठ मारावयाची. गाठ बसताच चिमटा सोडावयाचा. निस्तेज पिवळट दिसणारे यकृत पाहता पाहता तांबूस होते. पुढे अधोमहानीलेच्या खालच्या जोडालाही हीच युक्ती लावण्यात आली, आणि पित्तवाहिनीत एक बारीक नळी ठेवून तिची दोन टोके जोडली जातात. नळीच्या आत उलटलेल्या शिरेचे मऊ अस्तर रक्ताला लागते, प्लॅस्टिक लागत नाही. म्हणून रक्त गोठत नाही. १९८३ साली कामादा आणि काल्न यांनी अशा ५३० शस्त्रक्रियांचा अनुभव प्रसिद्ध केला. जे काम एका विलक्षण हाताचे होते, ते आता शिकविता येण्याजोगे झाले. कोणत्याही विद्येचे खरे यश ती शिकविता येण्यात असते.

या कामातून एक अनपेक्षित गोष्ट हाती आली. सामान्यतः परक्याचे इंद्रिय शरीर नाकारते. परंतु काल्न यांना १९६९ मध्ये डुकरांत आढळले होते की, यकृत बसविलेले काही प्राणी औषधावाचून ते स्वीकारतात. कामादा यांना मोठ्या उंदरांच्या काही ठराविक वंशांत हेच आढळले. इतकेच नव्हे, तर यकृत स्वीकारलेला उंदीर पुढे त्याच दात्या वंशाची त्वचाही स्वीकारतो, जी एरवी त्याने नाकारली असती. १९९१ साली पिट्सबर्ग येथे स्टार्झल यांच्या प्रयोगशाळेत ही शस्त्रक्रिया छोट्या उंदरावरही साधली गेली. त्याचे संपूर्ण यकृत सुपारीहूनही लहान. परंतु छोट्या उंदराची जनुके हवी तशी बदलता येतात, म्हणून तेथवर जाणे मोलाचे ठरले. यकृत शेजाऱ्याशी जुळवून घेण्याची समज शरीराला कशी देते, हा शोध तेव्हापासून चालू आहे.

यकृतरोपणाखेरीज इतर रोगांची प्रतिकृतीही अशाच बारीक शस्त्रक्रियेने तयार करतात. मोठ्या उंदराला पित्ताशय नसते. त्याची पित्तवाहिनी बांधून कापली की तुंबलेल्या पित्ताचा सारा ताण थेट यकृतावर येतो. उंदराला कावीळ होते आणि सुमारे चार आठवड्यांत यकृतसूत्रण दिसू लागते. दुसऱ्या एका शस्त्रक्रियेत प्रवेशिका नीलेशेजारी एक बोथट सुई आडवी ठेवून दोहोंभोवती मिळून गाठ मारतात आणि मग सुई काढून घेतात. सुईच्या जाडीएवढीच वाट मोकळी राहते. अशा उंदरांवर येल विद्यापीठातील रॉबर्टो ग्रोसमन आणि त्यांचे सहकारी यांनी १९८० नंतरच्या वर्षांत दाखविले की, रक्त आडवाटांनी निघून गेल्यावरही शिरेतील दाब उतरत नाही, कारण आतड्यांकडे येणारे रक्तच वाढते. पुढचा दरवाजा अरुंद होता हे खरे, पण मागून गर्दीही वाढत होती. त्याच सुमारास पॅरिसमध्ये प्रोप्रॅनोलॉल हे औषध अन्ननलिकेच्या फुगलेल्या शिरांतून रक्त जाऊ नये म्हणून रोग्यांना देऊन पाहिले जात होते. येणारे रक्त कमी करणारे औषध का लागू पडावे, हे या उंदरांनी समजावून दिले.

येथे सुज्ञ श्रोता दोन शंका घेईल, आणि दोन्ही रास्त आहेत. पहिली अशी की, उंदीर म्हणजे माणूस नव्हे. मग त्याच्यावरून माणसाचे अनुमान कसे करावे? हे खरेच आहे, आणि संशोधकांना त्याची किंमत मोजावी लागलेली आहे. कामादा यांच्या पद्धतीत रोहिणी जोडतच नाहीत. तरीही उंदीर जगतो. माणसात मात्र रोपणानंतर लवकरच रोहिणी तुंबली तर पित्तवाहिन्या नासतात आणि बहुधा दुसरे यकृत शोधण्याची पाळी येते. उंदरांच्या काही वंशांत औषधावाचून यकृत टिकते. माणसात बहुतेक रोग्यांना जन्मभर औषध घ्यावे लागते. नकाशा म्हणजे गाव नव्हे. पण नकाशा कोठे चुकतो हे ज्याला माहीत आहे, त्याच्या हाती तो निरुपयोगी नसतो. उंदरातून प्रश्नाचे स्वरूप कळते; अखेरचे उत्तर माणसातच, जपून, पायरीपायरीने तपासावे लागते.

दुसरी शंका अधिक खोल आहे. या मुक्या जीवाला आपण हे दुःख कोणत्या अधिकाराने देतो? तिचे उत्तर तर्काने पुरते देता येत नाही. आचरणाने मात्र काही अंशी देता येते. १९५९ साली इंग्लंडमधील रसेल आणि बर्च यांनी तीन नियम सांगितले: जेथे प्राण्यावाचून भागेल तेथे पर्याय शोधावा, प्राण्यांची संख्या कमीत कमी ठेवावी, आणि त्यांच्या वाट्याचे दुःख शक्य तितके कमी करावे. आपल्याकडील १९६० चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक अधिनियमही प्रयोगांस मुभा देताना हेच बजावतो. शस्त्रक्रिया पुरेशा भूलीखाली व्हावी. लहान प्राण्यावर भागत असेल तर मोठा वापरू नये. ज्याला बरे होताना तीव्र यातना होतील असा जायबंदी प्राणी शुद्धीवर येण्याआधीच संपवावा.

आणि येथेच हातातील कौशल्याचा व दयेचा संबंध लागतो. अकुशल हाताने टाका चुकला, तर उंदीर तडफडून मरतो, हे एक पाप. पण तो मेला नाही आणि आतल्या आत रक्त झिरपत राहिले, तर त्याहून निराळा अनर्थ होतो. संशोधक समजतो की आपल्या औषधाचा परिणाम दिसत आहे; वस्तुतः दिसत असतो तो चुकलेल्या टाक्याचा परिणाम. त्या खोट्या निष्कर्षावर पुढचे दहा प्रयोग उभे राहतात आणि आणखी शेकडो उंदीर व्यर्थ जातात. म्हणून दक्ष प्रयोगशाळेत काही उंदरांवर लटकी शस्त्रक्रिया करतात. पोट उघडावयाचे, यकृत हलवावयाचे आणि काही न कापता मिटावयाचे. यांची तुलना केली म्हणजे भूल आणि जखम यांचा परिणाम किती आणि रोगाचा किती, हे वेगळे काढता येते. नव्या विद्यार्थ्याच्या हाती तर जिवंत प्राणी प्रथम देतच नाहीत. तो आधी रबराच्या चकतीवर टाके घालतो, मग सिलिकोनच्या नळीवर, मग बाजारातून आणलेल्या कोंबडीच्या तंगडीतील रक्तवाहिन्यांवर. हात स्थिर झाल्यावरच त्याला उंदराजवळ जाण्याचा अधिकार मिळतो. तेथे सफाई, सत्य आणि दया या तीन वेगळ्या गोष्टी राहत नाहीत. एकीत चूक झाली की तिन्हींत होते.

या सर्व खटाटोपाचे फळ माणसाच्या घरी कसे आले, ते पाहून हा विषय आटोपता घेणे योग्य. १९८९ साली ऑस्ट्रेलियातील ब्रिस्बेन येथे रसेल स्ट्राँग यांनी एका आईच्या यकृताचा भाग तिच्या लहान मुलाला बसविला, आणि जिवंत दात्याकडून केलेले हे रोपण यशस्वी झाले. पुढे अशा शस्त्रक्रिया जपान, कोरिया, भारत आदी देशांत मोठ्या प्रमाणावर होऊ लागल्या. भारतात इंद्रियरोपणाचा कायदा १९९४ साली झाला आणि १९९८ साली दिल्ली येथे एका बालकावर देशातील पहिले यशस्वी यकृतरोपण झाले. त्या बालकास जन्मतःच पित्तवाहिन्यांचा विकार होता. यकृताचा भाग त्याच्या वडिलांनी दिला होता. म्हणजे काळजाचा तुकडा देण्याचा मान केवळ आईकडेच राहिला नाही.

दात्याची ही शस्त्रक्रिया आजही निर्धोक म्हणता येत नाही. तिच्यात जिवाला धोका थोडा असला तरी असतोच, आणि देणाऱ्याला तो आधी स्पष्ट सांगावा लागतो. तरीही आई-बाप ती पत्करतात, आणि शस्त्रवैद्य ती हाती घेतात, ती एका विश्वासावर: मागे राहिलेले यकृत आपला भार उचलील, वाढेल आणि काही आठवड्यांत देणारा माणूस आपल्या कामाला लागेल. त्या विश्वासाच्या मुळाशी १९३१ साली पांढऱ्या उंदराच्या दोन पाळ्यांच्या देठाशी मारलेली रेशमी गाठ आहे. घरातील कोणी आजारी माणूस रोपणानंतर उठून बसला, तर घरातील सर्वजण दात्याचे, वैद्याचे आणि देवाचे आभार मानतात. त्या यादीत एका मुक्या जीवाचेही नाव असावे, एवढे ऋण तरी आपण ओळखले पाहिजे.